कळंबे सुभेदारांची रंगीत तालीम

कळंबे सुभेदारांच्या घरी गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "काय घेणार?" पाहुणा आपल्याकडच्या रीतीप्रमाणे "काहीही चालेल" म्हणाला की थोड्या वेळानं आतून कपबशी यायची. कपात नुसतं गरम पाणी. पाहुणा आधी कपाकडे बघायचा, मग सुभेदारांकडे. सुभेदारांच्या मिशीचा केससुद्धा हलायचा नाही. "काय पण चालंल म्हणालास ना? मग हे पण चालंल. चहा पायजे तर चहा म्हण, कॉफी पायजे तर कॉफी म्हण. घरात दोन्ही हाय. तुझ्या पोटातलं मला कसं दिसणार?" नव्यानं बदलून आलेले ग्रामसेवक एकदा ते पाणी मुकाट्यानं पिऊन गेले होते. पुढच्या खेपेला ते अंगणातूनच "चहा! कमी साखर! आलं असलं तर आलं!" असं ओरडत आले. सुभेदारांनी उठून त्यांना मिठी मारली. ग्रामसेवक लाजून लाल झाले, पण तेव्हापासून त्यांची चांगलीच गट्टी जमली.

गावातल्या लोकांना हा म्हाताऱ्याचा विक्षिप्तपणा वाटायचा. मला तसं कधी वाटलं नाही, कारण मी त्याच गरम पाण्यातून वर आलेला माणूस आहे. फरक एवढाच की माझ्या वेळी ते तरुण होते आणि गरम पाण्याऐवजी त्यांच्या हाताशी परेडचं मैदान होतं.

मी दासगावचा. आमच्या घराण्यात सगळ्यांची नजर आखाताकडे. माझे दोन चुलते तिकडे, मामा तिकडे, आणि मीही तिकडेच जाणार हे अब्बांनी मी पाळण्यात असतानाच ठरवलं असावं. मी मात्र महाडच्या बाजारात भरतीचा बोर्ड बघितला आणि मित्रांबरोबर पळायला गेलो. मित्र मागे पडले, मी भरती झालो. ट्रेनिंग संपवून पलटणीत पोचलो तेव्हा आमच्या प्लॅटूनचे सुभेदार म्हणून कळंबे समोर उभे राहिले. ठेंगणे, छाती पिंपासारखी, आवाज असा की मैदानाच्या पलीकडचे कावळे उडायचे. मी महाड तालुक्यातला आहे हे ऐकून त्यांना आनंद झाला असावा, पण तो त्यांनी दाखवला नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "अन्वर, तुला फौजेत काय शिकायचं हाय?"

मी ताठ उभा राहून ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं तसं उत्तर दिलं, "साहेब ठरवतील ते, साब!"

"साहेबाला ठाऊक असतं तर साहेबानं मला कशाला विचारायला लावलं असतं?" असं म्हणून त्यांनी मैदानाच्या टोकाचं एक झाड दाखवलं. "त्या झाडाला हात लावून ये. येताना आठवलं तर सांग. नाय आठवलं तर परत जा." मी धावलो. परत आलो. काही आठवलं नाही. परत धावलो. खरं सांगायचं तर लहानपणापासून मला हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता, त्यामुळे उत्तर शोधायची सवय नव्हती. किती फेऱ्या झाल्या देव जाणे. शेवटी पायांत गोळे आले आणि तोंडातून आपोआप निघालं, "गाडी! साब, गाडीचं काम!" सुभेदार दोन्ही हात कमरेवर ठेवून हसले. मी त्यांना हसताना तेव्हा पहिल्यांदा बघितलं. म्हणाले, "बघ, पोटात होतंच. नुसतं हलवावं लागलं."

त्या वर्षी ड्रायव्हिंगच्या कोर्सच्या जागा आल्या तेव्हा कंपनीतून माझं नाव गेलं. तिथून वर्कशॉपच्या मंडळींच्या मागे लागून मी गाड्यांची वायरिंग शिकलो. आज महाडला हायवेच्या कडेला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे, त्यावर चार घरं चालतात, आणि अब्बा शेवटपर्यंत "आमचा अन्वर इथेच आखातासारखा कमावतो" असं सांगत फिरायचे. हे सगळं त्या झाडाच्या फेऱ्यांतून आलं आहे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, फौजेत कसली आली निवड? हुकूम आला की पाळायचा. ते खरंच आहे, पण पुरतं नाही. कोर्सच्या जागा येतात, तेव्हा कोणाला कुठे पाठवायचं हे कोणीतरी ठरवतं. चांगला अधिकारी जवानाला विचारतो. आमच्याकडे चांगले अधिकारी पुष्कळ होते. गडबड विचारण्यात नव्हती, उत्तरात होती. आमची डोंगरातली पोरं वडीलधाऱ्यांसमोर स्वतःचं मागणं म्हणजे उद्धटपणा असं समजतात. जेवायला वाढतानाही "पुरे" म्हणतील, "अजून" म्हणायचे नाहीत. साहेबानं विचारलं की पायाच्या अंगठ्याकडे बघत "साहेब ठरवतील ते." मग बोलणारे आपापल्या आवडीच्या कोर्सला जातात आणि उरलेल्या जागी ही न बोलणारी पोरं भरली जातात. सुभेदार याला "उरलंसुरलं खाणं" म्हणायचे.

त्यांनी स्वतः तेच खाल्लं होतं. त्यांना बँडमध्ये जायचं होतं. रंगरूट असताना बँडची क्लॅरोनेट ऐकली आणि त्यांच्या मनात ती बसली. साहेबांनी विचारलं, तेव्हा हे "साहेब ठरवतील ते" म्हणाले. साहेबांनी छाती बघितली, आवाज ऐकला आणि ड्रिलच्या कोर्सला पाठवलं. "साहेबाचा काय दोष?" सुभेदार म्हणायचे. "त्यानं चांगलं विचारलेलं. तोंड माझं, ते मीच उघडलं नाय." मग ते बँडची एखादी धून शिटीवर वाजवून दाखवायचे. ती इतकी बेसूर असायची की त्या साहेबांना माणसांची पारख असावी असं मला दर वेळी वाटायचं. मी एकदा तसं बोलूनही दाखवलं. त्यावर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

निवृत्त होऊन ते पोलादपूरच्या वरच्या अंगाला आपल्या कोंडावर, म्हणजे डोंगरातल्या वाडीवर, राहायला आले आणि तिथे त्यांची खरी नोकरी सुरू झाली. आसपासच्या कोंडांवर घरटी एक पोरगा फौजेत. गणपतीला, शिमग्याला ही पोरं रजेवर आली की सुभेदार त्यांना देवळाच्या मंडपात बोलवायचे. एक टेबल, एक खुर्ची. खुर्चीत स्वतः सुभेदार, पण सुभेदार म्हणून नव्हे, सीओ साहेब म्हणून. म्हणजे पलटणीचा सर्वांत मोठा अधिकारी. पोरानं बाहेरून पाय आपटत यायचं, सलाम ठोकायचा आणि तीन गोष्टी सांगायच्या: काय शिकायचंय, का शिकायचंय, आणि शिकून आल्यावर पलटणीला त्याचा काय उपयोग. तीन गोष्टी एका दमात. अडखळलास तर बाहेर जाऊन पुन्हा ये. ही त्यांची रंगीत तालीम.

तालमीला प्रेक्षक भरपूर. बायका भाजी निवडायला तिथेच येऊन बसायच्या. एक आडदांड जवान, जो सीमेवर गोळीबारात डगमगला नव्हता, तो सुभेदारांसमोर येऊन सलाम ठोकून म्हणाला, "काका, मला ते हे..." आणि पुढे गप्प. "काका कोण रे? सीओ साहेबाला काका म्हणतोस?" मंडपात हशा. तो बाहेर गेला, पुन्हा आला, पुन्हा "काका" म्हणाला. शेवटी सुभेदारांनी त्याला टेबलाकडे पाठ करून बोलायला लावलं, तेव्हा कुठे त्याच्या तोंडून "मला मोर्टारचा कोर्स करायचाय" हे निघालं. चार वर्षांसाठी भरती झालेली पोरं यायला लागली तेव्हा सुभेदारांचा आवाज आणखी चढला. "चार वर्सं तर चार वर्सं. पण निघताना हातात काय घेऊन निघनार ते पयल्या वर्सीच ठरव. शेवटच्या दिवशी ट्रंक आवरताना नको."

पण एक गोष्ट त्यांनी कधी केली नाही. जुन्या ओळखीच्या जोरावर कोणासाठी फोन केला नाही. आणि त्यावरूनच घरात एकदा मोठं वाजलं.

त्यांची धाकटी बहीण इंदूताई त्याच कोंडावर दिलेली. नवरा मुंबईला कंपनीत, सणासुदीला यायचा. तिचा एकुलता एक मुलगा प्रशांत, पायदळात जवान. दिसायला मामासारखा ठेंगणा, स्वभावानं मात्र अगदी आईच्या पदराआडचा. तो गणपतीला रजेवर आला तेव्हा कळलं की कंपनी कमांडरनी त्याला कोर्सबद्दल विचारलं होतं आणि आमच्या या शहाण्यानं, सुभेदार कळंब्यांच्या सख्ख्या भाच्यानं, "साहेब ठरवतील ते" हेच सांगितलं होतं. अक्षर चांगलं, बारावी झालेला, म्हणून त्याला ऑफिसच्या कामाला घालायचं साहेबांच्या मनात होतं. नक्की काहीच नव्हतं. रजा संपवून परत गेल्यावर ठरणार होतं.

इंदूताईला आभाळ ठेंगणं झालं. पोरगा खुर्चीत बसणार, डोक्यावर पंखा, हातात पेन. तिनं देवाला नारळ फोडला आणि तशीच भावाकडे आली. योगायोगानं मी तिथेच होतो, त्यांच्या इन्व्हर्टरची बॅटरी बदलायला गेलो होतो.

"दादा, तुझ्या त्या वळखीच्या सुभेदार मेजरला फोन लाव. म्हनावं, आमच्या पोराला हाफिसातच ठेवा."

"पोराला काय पायजे?" सुभेदारांनी विचारलं.

"त्याला काय कळतंय?"

प्रशांत दारातच उभा होता. सुभेदारांनी त्याच्याकडे बघितलं. तो अंगठ्याकडे बघायला लागला. मग हळूच म्हणाला, "मामा, मला डोंगरावरचा कोर्स करायचाय. बर्फातला. दोर लावून चढायचं, अडकलेल्या माणसांना खाली आणायचं, तो."

इंदूताई मटकन खाली बसली. "बर्फात मानसं गाडली जातात रे! टीव्हीवर दाखवतात. एकुलता एक तू!" आणि मग भावाकडे वळून, "दादा, फोन लाव म्हनून कितीदा सांगू? तू नाय लावलास ना, तर मी तुला भाऊबीजेला ओवाळनार नाय."

सुभेदार बहिणीला जीव लावणारे. ओवाळणार नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला, ते मी बघितलं. पण ते म्हणाले, "इंदे, मी फोन केला तर तो कळंब्याचा भाचा म्हनून जाईल. हाफिसात गेला तरी तसाच, बर्फात गेला तरी तसाच. मग प्रशांत म्हनून कधी जायचा तो?" ती रडत होती. तेव्हा त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि मला न कळणारं काहीतरी ठरवलं. "असं कर. उद्या दुपारी तालीम हाय. तुझ्या मनात जे हाय ते तिथं विचार त्याला. पन खाली बसून नाय. खुर्चीत बसून."

दुसऱ्या दिवशी मी दुकान भावाच्या हवाली करून मुद्दाम महाडहून वर गेलो. मंडप भरला होता. खुर्चीत इंदूताई बसली होती, अगदी कडेला, उठून पळायच्या बेतात. शेजारी सुभेदार ताठ उभे. आज ते सीओ नव्हते, सीओ साहेबांचे सुभेदार मेजर होते. "साहेब, पूर्ण बसा. खुर्ची सरकारी हाय, मोडत नाय," असं त्यांनी बहिणीला अदबीनं सांगितलं. बायका खिदळल्या. इंदूताईनं पदर खोचला, पूर्ण बसली, आणि कोण जाणे, त्या खुर्चीचाच गुण असेल, तिचा आवाज बदलला. प्रशांत पाय आपटत आत आला तसं ती म्हणाली, "केस कधी कापलेस रे?" सगळा मंडप हसला. प्रशांतसुद्धा.

"काय पायजे तुला?" तिनं विचारलं.

प्रशांतनं तोंड उघडलं आणि सवयीनं त्यातून आलं, "आपण ठरवाल ते."

"बाहेर!" सुभेदार असे गरजले की निवडलेल्या शेंगा टोपलीतून सांडल्या. प्रशांत बाहेर गेला. बराच वेळ आलाच नाही. इंदूताई दाराकडे बघत राहिली. मग तो आला, सलाम ठोकला आणि आईच्या डोळ्यांत बघून बोलला.

"साहेब, मला डोंगरावरच्या बचावाचा कोर्स करायचाय. दोन पावसाळ्यांमागे पलीकडच्या कोंडावर दरड आली, तेव्हा मी रजेवर होतो. आम्ही हातांनी माती उपसत होतो. वरच्या घरातला म्हातारा हाका मारत होता. दोर होता आमच्याकडे, पण कुठे बांधायचा, कसं उतरायचं, कोणालाच येत नव्हतं. बाहेरून शिकलेली माणसं आली तोवर हाका थांबल्या होत्या. मला ते शिकायचंय. शिकलो तर पलटणीला बर्फात उपयोग होईल आणि रजेवर आलो तर इकडे."

भाजी निवडणारे हात थांबले होते. त्या दिवसाबद्दल तो घरी एक अक्षर बोलला नव्हता, हे इंदूताईच्या चेहऱ्यावरून सगळ्यांना कळलं. मग तालमीत नसलेला प्रश्न तिनं विचारला.

"आनि तू पडलास तर?"

"पडू नये म्हणून तर शिकायचंय, साहेब."

"आनि मी नाय म्हटलं तर?"

"तर पुढच्या वर्षी परत येऊन मागेन."

सुभेदारांनी चटकन तोंड फिरवलं आणि देवळाच्या खांबाकडे बघत मोठ्यानं नाक शिंकरलं. इंदूताई खुर्चीतून उठली. "मंजूर बिंजूर करनं मला नाय जमायचं," ती म्हणाली. "मी आई हाय, मी भिनारच. पन त्या खऱ्या साहेबाला हे असंच सांग. एक शब्द गाळू नको." एवढं बोलून ती घरी निघून गेली, आणि त्या संध्याकाळी तिच्या घरी चूल पेटली नाही असं शेजारणी सांगत होत्या. दुसऱ्या दिवशी तिनं पोराच्या ट्रंकेत लोकरी मोज्यांचे दोन जास्तीचे जोड भरले.

प्रशांत गेला. थोड्या दिवसांनी सुभेदार महाडला कोर्टाच्या कामाला आले होते, ते माझ्या दुकानात येऊन बसले. तिथेच त्यांना प्रशांतचा फोन आला. फोनवरही ते परेडच्याच आवाजात बोलायचे, त्यामुळे सगळं मला ऐकू आलं.

"बोललास? साहेबासमोर? ... तीनही गोष्टी? ... पाय कापत होते? कापू दे. आवाज कापला नाय ना? ... शाबास!"

फोन ठेवून ते जे उठले ते सरळ बाजारात. पेढ्यांचा पुडा घेऊन परत आले, माझ्या कामगारांना दिले, समोरच्या पंक्चरवाल्याला दिले, एसटी डेपोत जाऊन पोलादपूरच्या गाडीच्या ड्रायव्हर-कंडक्टरला दिले. कंडक्टरनं विचारलं, "सुभेदार, भाचा पास झाला वाटतं?"

"नाय. बोलला."

"म्हणजे कोर्स मिळाला?"

"ते साहेबाचं काम हाय, साहेब बघंल. यानं याचं केलं."

कंडक्टरनं पेढा खाल्ला, पण त्याला काही कळलं नाही. कोंडावर पोचल्यावर इंदूताई तर भडकलीच. "मिळालं नाय आनि पेढे वाटतोस? लोक हसतील!" तिनं पेढ्याला हात लावला नाही. सुभेदारांनी तिच्या वाटणीचाही स्वतः खाल्ला. भाऊबीजेला मात्र तिनं ओवाळलं.

त्या वर्षी प्रशांतला कोर्स मिळाला नाही. जागा कमी होत्या, जुने जवान पुढे होते. पण त्याला ऑफिसातही घातलं नाही. साहेबांनी सांगितलं, तयारी कर, पुढच्या वर्षी बघू. सुभेदारांना ते पुरेसं होतं.

पुढचं वर्ष त्यांनी बघितलं नाही. थंडीत एका दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. आजार नाही, दवाखाना नाही. मी पोचलो तेव्हा अंगणात माणूस मावत नव्हतं. रजेवर असलेली सगळी पोरं युनिफॉर्म घालून आली होती, आणि तो मोर्टारवाला आडदांड जवान लहान पोरासारखा "काका, काका" करून रडत होता. या वेळी त्याला कोणी बाहेर काढलं नाही. मीही रडलो. अब्बा गेले तेव्हा मी सगळ्यांना सावरत होतो, इथे मला सावरायला माणसं लागली.

पाऊस सुरू व्हायच्या सुमारास प्रशांतचा माझ्या दुकानात फोन आला. नाव आलं होतं. डोंगराच्या कोर्सला तो निघणार होता. मी शटर अर्धं ओढलं आणि मोटरसायकल काढून कोंडावर गेलो. इंदूताई अंगणात गोवऱ्या आत घेत होती. तिला कळलं होतं. डोळे सुजले होते, पण कपाळावर आठी नव्हती.

"ताई, आता तरी पेढे पाहिजेत," मी म्हणालो. "असे नाही सोडणार."

तिनं हातातल्या गोवऱ्या खाली ठेवल्या, हात झटकले आणि माझ्याकडे बघितलं.

"भीती वाटतेच रे अन्वरभाऊ. पन पेढे कसले मागतोस? ते तवाच वाटले ना दादानं."